ग्रुपचं चित्र काढायचं तर काय काय विसरावं लागतं

27 घटकांचे दोन ग्रुप आहेत. पहिल्यातला प्रत्येक घटक म्हणजे 0, 1, 2 यातून घेतलेल्या तीन आकड्यांची रांग, बेरीज जागच्या जागी करायची आणि 3 झाले की परत 0 वर यायचं. दुसऱ्यातला प्रत्येक घटक म्हणजे 3 बाय 3 ची मॅट्रिक्स, कर्णावर सगळे 1, खाली सगळे 0, वरच्या तीन जागी 0, 1, 2 पैकी काहीही, आणि इथे गुणाकार करायचा, आकडे तसेच 3 च्या हिशोबात. पहिल्यात कुठलेही दोन घटक मागेपुढे करा, उत्तर तेच येतं. दुसऱ्यात क्रम बदलला की बरेचदा उत्तरच बदलतं. म्हणजे दोघांचा स्वभाव मुळात वेगळा. आणि तरीही एका ठरावीक पद्धतीने दोघांचं चित्र काढलं की हुबेहूब एकच चित्र समोर येतं, 13 त्रिकोण, सगळ्यांचं एक टोक एकाच बिंदूत अडकलेलं.

ह्या उदाहरणावर माझा फार जीव आहे. कारण ग्रुपपासून ग्राफ बनवण्याचा जो सगळा उद्योग आहे, त्यातला खरा प्रश्न इथे एकदम उघडा पडतो. चित्र काढताना आपण काहीतरी विसरतो, विसरावंच लागतं, सगळं लक्षात ठेवलं तर ते चित्र कसलं, तो तर गुणाकाराचा अख्खा तक्ताच झाला. मग नेमकं काय विसरलो, काय उरलं, आणि जे उरलं त्यातून विसरलेलं परत मिळवता येतं का? हे विचारल्याशिवाय काढलेल्या चित्राला माझ्या मते फारसा अर्थ नाही.

ज्यांचा गणिताशी संबंध बारावीनंतर सुटला त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे ग्राफ म्हणजे एक्स अ‍ॅक्सिस वाय अ‍ॅक्सिस नाही. काही बिंदू, आणि कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूला रेघ आहे एवढंच, रेघ सरळ आहे का वाकडी, लांब का आखूड, काही फरक पडत नाही. ग्रुप म्हणजे काही घटक आणि त्यांना एकत्र करायची एक कृती, ज्यात कंस कुठेही टाका उत्तर तेच, एक घटक असा की जो कोणाला काहीच करत नाही (ओळख घटक), आणि प्रत्येक घटकाने जे केलं ते उलटवणारा कोणीतरी ग्रुपमधेच हजर. सेमीग्रुपमधे फक्त ती कंसाची अट राहते. तिथे केलेलं उलटवता येईलच असं नाही. हा फरक लहान वाटतो पण पुढे तो फार लांब नेतो.

तर माझी भाची सध्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे इथेच इंदूरला, आणि तिला डेझर्टेशनचा विषय ठरवायचाय. सुदामा नगरहून रविवारी सकाळी येते रामबागेत आमच्याकडे, पोहे होतात, वर सेव आणि जिरावन, आणि मग टेबल पुसून कॉपी उघडायची. तिला कोणीतरी सुचवलं होतं की ग्रुपवर एखादा नवीन ग्राफ डिफाइन कर, मग त्याचा डायमीटर काढ (सगळ्यात दूरच्या दोन बिंदूंमधे किती पावलं), क्रोमॅटिक नंबर काढ (रेघेने जोडलेल्या बिंदूंना वेगळा रंग द्यायचा तर किती रंग लागतात), प्लेनर कधी असतो ते सांग (रेघा एकमेकींना न छेदता काढता येतात का), झालं काम. मला म्हणाली, "मावशी, यात नवीन काय झालं पण? मी उद्या अजून एक अट लावीन, अजून एक ग्राफ होईल."

अगदी बरोबर बोलली. आणि असे पेपर ढिगाने येतात, प्रत्येकात एक नवी व्याख्या, आणि मग त्याच चार गोष्टी मोजलेल्या. मेहनत असते त्यात, मी नाकारत नाही, विद्यार्थ्याचा हातही बसतो. पण ग्रुपबद्दल आधी माहीत नसलेलं त्या ग्राफने काही सांगितलं का? किंवा ग्राफवाल्यांना हवा असलेला एखादा ग्राफ ग्रुपमुळे हाती लागला का? दोन्हीची उत्तरं नाही असतील तर मग ती नुसती आकडेमोड. मी तिला म्हटलं, आधी ज्या ग्राफांनी खरंच काही दिलं ते बघू, मग तू ठरव.

सुरुवात आर्थर केलीपासून. हा माणूस 14 वर्षं लंडनमधे वकिली करत होता आणि वकिली करता करता शेकडो पेपर लिहून बसला. 1878 मधे अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्सच्या पहिल्याच खंडात त्याने ग्रुपचं चित्र कसं काढायचं ते मांडलं. प्रत्येक घटकाचा एक बिंदू, थोडे घटक जनरेटर म्हणून निवडायचे, म्हणजे ज्यांच्यापासून बाकी सगळे मिळतात असे, प्रत्येक जनरेटरला एक रंग, आणि एका बिंदूला त्या जनरेटरने गुणून जिथे पोचाल तिथे त्या रंगाचा बाण. रंग आणि बाण दोन्ही असतील तर ग्रुप पूर्ण हाती राहतो, काहीच हरवत नाही. रुबिक क्यूबचं कोडं म्हणजे अशाच एका ग्राफवरचं फिरणं. बिंदू 43,252,003,274,489,856,000, आणि कुठल्याही बिंदूपासून सुटलेल्या क्यूबपर्यंत 20 चालींच्या आत पोचता येतं हे 2010 मधे नक्की झालं. ते 20 म्हणजे त्या ग्राफचा डायमीटर. डायमीटर मोजण्याला अर्थ आहे तो असा, इथे त्या आकड्यात एक खराखुरा प्रश्न सुटलाय.

आता रंग आणि बाण पुसून टाका. साधा घन घ्या, 8 कोपरे, 12 कडा. हा घन 8 घटकांच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपांचा केली ग्राफ होऊ शकतो. एक, ज्यात प्रत्येक घटक दोनदा केला की परत मूळपदी. दुसरा, ज्यात 4 चं एक चक्र आणि 2 चं एक चक्र शेजारी शेजारी चालतात. आणि तिसरा चौकोनाच्या सिमेट्रीचा, ज्यात फिरवणं आणि उलटणं यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. रंगीत पेनाने काढून बघा, तिन्ही वेळा घनच येतो, फक्त बाण वेगळे लागतात. भाचीने तिन्ही काढले, तिसऱ्यात वरचा चौकोन खालच्याच्या उलट दिशेने फिरतो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने पेन खाली ठेवून नुसतं बघत बसून घेतलं. उलट फिरणारे तेवढे चार बाण, बस, तेवढ्यातच त्या ग्रुपचं सगळं वेगळेपण आहे.

केली ग्राफला जनरेटर निवडावे लागतात, म्हणजे काढणाऱ्याची मर्जी आली. पॉवर ग्राफमधे ती नाही. तिथे दोन घटकांमधे रेघ केव्हा, तर एक घटक दुसऱ्याचा घात असेल तेव्हा. आंद्रेई केलारेव आणि स्टीफन क्विन यांनी 2000 च्या आसपास हे बाणांसकट मांडलं, आधी ग्रुपसाठी मग सेमीग्रुपसाठी. बाण काढून नुसत्या रेघा ठेवण्याचं काम आयव्ही चक्रवर्ती, शमीक घोष आणि एम. के. सेन या आपल्या कोलकात्याच्या मंडळींनी केलं, 2009 मधे सेमीग्रुप फोरम या जर्नलमधे. त्यांचा एक निकाल मला फार सुरेख वाटतो: सांत ग्रुपच्या पॉवर ग्राफमधे सगळ्यांची सगळ्यांशी रेघ असेल तर तो ग्रुप चक्रीय, म्हणजे एकाच घटकाच्या घातांतून सगळा बनलेला, असतो आणि त्यातल्या घटकांची संख्या 1 किंवा एखाद्या मूळ संख्येचा घात असते, उलटही खरं. 8 घटकांचा चक्रीय ग्रुप घ्या, 28 च्या 28 रेघा हजर. 6 चा घ्या (0 ते 5, बेरीज 6 च्या हिशोबात, इथे घात म्हणजे तोच आकडा पुन्हा पुन्हा मिळवणं), 15 पैकी 13 च, कारण 3 मधून 2 किंवा 4 कधी मिळत नाही आणि त्यांच्यामधून 3 मिळत नाही. चित्राकडे बघून कळतं की 6 मधे दोन वेगळ्या मूळ संख्या नांदतायत.

बाण काढले म्हणजे काय हरवलं? जुन्या एकत्र कुटुंबाच्या फोटोसारखं आहे ते, नातं आहे एवढं माहीत, पण आई कोण आणि लेक कोण ते लिहिलेलं नाही. वाटतं की ही माहिती गेली ती गेली. पण नाही. पीटर कॅमेरॉनने 2010 मधे दाखवलं की दोन सांत ग्रुपांचे बिनबाणांचे पॉवर ग्राफ सारखे असतील तर बाणांचेही सारखेच असतात, आणि दोघांत प्रत्येक ऑर्डरचे घटक तितकेच असतात (घटक किती वेळा केला की पहिल्यांदा ओळख घटक येतो, ती त्याची ऑर्डर). त्यानंतर कॅमेरॉन आणि घोष यांच्या 2011 च्या पेपरात, ग्रुप जर आबेलियन असतील, म्हणजे क्रमाने फरक न पडणारे, तर सारख्या पॉवर ग्राफवरून ग्रुपही सारखाच. एवढं सगळं टाकून दिलं आणि तरी ग्रुप परत हातात! तिथेच अजून एक गोड गोष्ट आहे, ग्रुपची ऑटोमॉर्फिझम, म्हणजे रचना न बिघडवता होणारी अदलाबदल, आणि त्याच्या पॉवर ग्राफची ऑटोमॉर्फिझम तंतोतंत तीच असा सांत ग्रुप एकच, 4 घटकांचा क्लाइनचा ग्रुप. एका बिंदूतून निघालेल्या तीन रेघा, त्या तीन टोकांना 6 प्रकारे अदलाबदल करता येते आणि ग्रुपलाही ते सगळे 6 चालतात.

पण आबेलियन ही अट काढली की गाडं अडतं, आणि ते नेमकं त्या 27 पाशी. दोन्ही ग्रुपांत ओळख घटक सोडला तर उरलेले 26 चे 26 तीनदा केल्यावर परत येणारे. म्हणजे प्रत्येक जण आपल्या वर्गाशी (स्वतःला दोनदा करून जो येतो त्याच्याशी) आणि ओळख घटकाशी तेवढा जोडलेला, असे 13 त्रिकोण. घातांच्या भाषेत दोघांत फरकच नाही. पॉवर ग्राफला विचारलं की हे दोघं वेगळे का, तर त्याच्याकडे सांगायला काही नाही, कारण कोण कोणाबरोबर क्रम बदलू शकतो हे त्याने विचारलेलंच नव्हतं.

मग ते विचारू. कम्युटिंग ग्राफ: दोन घटकांचा क्रम बदलून उत्तर तेच राहिलं तर रेघ. पहिल्या ग्रुपमधे सगळ्यांची सगळ्यांशी रेघ, सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात गंमत आहे. 3 घटक असे की ते सगळ्यांबरोबर जमतात, तो ग्रुपचा सेंटर, त्यांना बाजूला काढा. उरले 24. ते चार गठ्ठ्यांत पडतात, प्रत्येकात 6, गठ्ठ्याच्या आत सगळ्यांची सगळ्यांशी रेघ आणि दोन गठ्ठ्यांमधे एकही नाही. भाचीने कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे आधी 13 त्रिकोण काढले होतेच. मधल्या सेंटरचा त्रिकोण तिने पेन्सिलीने भरला, बाकी 12 पैकी तीन तीन त्रिकोणांना एकेक रंग दिला, हिरवा, जांभळा, लाल, निळा. एक चित्र दुसऱ्याच्या आत बसलेलं. पॉवर ग्राफच्या रेघा सगळ्या कम्युटिंग ग्राफमधे असतातच, कारण कुठलाही घटक आपल्याच घाताबरोबर क्रम बदलू शकतो, पण उलट नाही, आणि तो जो मधला फरक, दोन्ही ग्रुपांचं वेगळेपण तिथे जाऊन लपलं होतं. ते रंग भरताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

ह्या कम्युटिंग ग्राफने गणिताला जे दिलं ते तर फारच मोठं आहे. 1955 मधे रिचर्ड ब्राउअर आणि के. ए. फाउलर यांनी सम संख्येच्या ग्रुपांवर पेपर लिहिला. सम संख्येचा ग्रुप म्हणजे त्यात दोनदा केल्यावर मूळपदी येणारा घटक असणारच, त्याला इन्व्होल्यूशन म्हणतात. त्यांनी घटकांमधलं अंतर मोजलं, क्रम बदलू शकणाऱ्यांच्या साखळीने एकापासून दुसऱ्यापर्यंत किती पावलं लागतात ते. यातलं एक पाऊल इथेच दाखवता येतं. अ आणि ब दोन इन्व्होल्यूशन, आणि एक दुसऱ्याचं रूपांतर नाही, म्हणजे कॉन्ज्युगेट नाहीत. मग अ आणि ब च्या गुणाकाराची ऑर्डर सम असणारच (विषम असती तर ते कॉन्ज्युगेट निघाले असते), तर त्या गुणाकाराचा अर्धा घात घ्या, ते अजून एक इन्व्होल्यूशन, आणि ते अ बरोबरही जमतं, ब बरोबरही. म्हणजे जास्तीत जास्त दोन पावलं. बस एवढंच, एका ओळीत मावणारं, फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा झिजत नाही. अशा विचारांतून त्यांनी दाखवलं की एखाद्या इन्व्होल्यूशनबरोबर जमणाऱ्यांचा गट ठरवून दिला तर असे सांत सिंपल ग्रुप, म्हणजे ज्यांचे आणखी लहान ग्रुपांत तुकडे पडत नाहीत असे, मोजकेच असू शकतात, अनंत नाही. सांत सिंपल ग्रुपांची यादी करण्याचं जे प्रचंड काम पुढे कित्येक दशकं चाललं, त्याला वाट दिसली ती इथून.

आणि पॉल एर्डोशचा प्रश्न. एर्डोश काही ग्रुपवाला नव्हे, त्याने ग्राफवाल्याच्या नजरेने विचारलं: एखाद्या अनंत ग्रुपमधे एकमेकांशी कोणीच जमत नाही असा अनंत घटकांचा संच सापडत नसेल, तर अशा संचांच्या आकाराला काही एक कमाल मर्यादा असते का? सापडत नाही आणि मर्यादा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, संच सगळे सांत असतील पण मोठेमोठे होत जातील असं होऊ शकतं, निदान साध्या ग्राफमधे तर होतंच. बर्नहार्ड नॉयमनने 1976 मधे उत्तर दिलं की ग्रुपमधे मर्यादा असते, आणि असे ग्रुप म्हणजे नेमके तेच ज्यांच्या सेंटरचा इंडेक्स सांत आहे, म्हणजे सेंटरएवढे मोजकेच गठ्ठे केले की सगळा ग्रुप भरतो. प्रश्न ग्राफचा, उत्तर ग्रुपच्या रचनेचं.

नंतर लोकांना वाटायला लागलं की सांत ग्रुपच्या कम्युटिंग ग्राफचा (सेंटर बाजूला काढून) डायमीटर, तो ग्राफ जोडलेला असेल तेव्हा, एका ठरावीक आकड्याच्या वर जात नसेल. 2008 मधे तसा अंदाज छापूनही आला. 2013 मधे मायकेल जुडिची आणि क्रिस पार्करने दाखवलं की अशी मर्यादाच नाही, हवा तेवढा मोठा करता येतो. पण त्याच सुमारास मॉर्गन आणि पार्कर यांनी सांगितलं की सेंटरमधे ओळख घटकाशिवाय कोणी नसेल तर प्रत्येक जोडलेल्या तुकड्याचा डायमीटर 10 च्या वर जात नाही. म्हणजे अंदाज चुकलाही आणि एका अर्थाने बरोबरही निघाला. सेमीग्रुपकडे मात्र अराउजो, किनयन आणि कोनियेच्नी यांनी 2011 मधेच दाखवून ठेवलं होतं की 2 पासून पुढचा कुठलाही आकडा घ्या, तेवढ्याच डायमीटरचा कम्युटिंग ग्राफ असलेला सांत सेमीग्रुप मिळतो. उलटवण्याची सोय नाही म्हणून तिथे रचनेला मोकळीक जास्त आहे.

सेमीग्रुपचं एक उदाहरण घरबसल्या काढता येईल असं. 0 ते 11 आकडे, गुणाकार 12 च्या हिशोबात. इथे 3 आणि 4 चा गुणाकार 0, दोघंही स्वतः 0 नसून. अशा घटकांचे बिंदू काढायचे, 2, 3, 4, 6, 8, 9, 10, आणि गुणाकार 0 आला तर रेघ. एकूण 8 रेघा येतात, 2 आणि 10 हे 6 ला लटकलेले, 3 आणि 9 हे 4 आणि 8 ला, आणि 2 पासून 3 कडे जायचं तर 6, मग 4, मग 3, अशी तीन पावलं. तीनच्या वर कधीच जात नाही, ही 12 ची खासियत नाही, सगळीकडे खरं आहे. इश्त्वान बेकने 1988 मधे रिंगसाठी, म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेल्या रचनेसाठी, हे रंगवण्याच्या प्रश्नातून सुरू केलं, अँडरसन आणि लिव्हिंगस्टनने 1999 मधे 0 ला चित्राबाहेर काढलं आणि मग चित्र बोलायला लागलं, 2002 मधे ते शून्य असलेल्या कम्युटेटिव्ह सेमीग्रुपांकडे नेलं गेलं, कारण बेरीज कुठे लागतच नव्हती. बेकचा अंदाज होता की लागणारे रंग आणि सगळ्यात मोठ्या सर्वजोडलेल्या गटाचा आकार सारखेच असतील. 1993 मधे 32 घटकांची एक रिंग सापडली, गट 5 चा आणि रंग 6. मला वाटतं 0 बाहेर काढणं हा यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय, जो सगळ्यांशी जोडलेला आहे तो काहीच सांगत नाही आणि बाकीच्यांनाही झाकून टाकतो.

भाचीने शेवटी नवा ग्राफ काढायचा बेत सोडला. तिला फरक बघायचाय, एकाच ग्रुपवरच्या दोन ग्राफांमधला. पॉवर आणि कम्युटिंगच्या मधे अजून एक आहे, एनहान्स्ड पॉवर ग्राफ, दोन घटक एकाच चक्रीय उपग्रुपात असतील तर रेघ. अलीपूर, अकबरी, कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मधे तो पुढे आणला आणि केव्हा तो पॉवर ग्राफशी एकरूप होतो, केव्हा कम्युटिंगशी, ते स्वच्छ सांगितलं. प्रत्येक घटकाची ऑर्डर मूळ संख्येचा घात असेल तर पॉवरशी. एकाच मूळ संख्येची दोन चक्रं शेजारी शेजारी असलेला उपग्रुप कुठेच नसेल तर कम्युटिंगशी. 8 घटकांचा क्वाटर्नियन ग्रुप, हॅमिल्टनच्या 1843 च्या शोधातून आलेला, दोन्ही अटी पाळतो, तिथे तिन्ही चित्रं एकच. आबेलियन नाही आणि तरी घात कळले की क्रमाबद्दलचं सगळं कळलं, असा.

तिने विचारलं असे अजून कोण. 16 घटकांचे 14 ग्रुप आहेत, त्यांच्यात ऑर्डरची अट तर सगळेच पाळतात, तेव्हा प्रश्न फक्त दुसऱ्या अटीचा उरतो. मी तिला सगळ्यांची यादी लिहून दिली आणि म्हटलं एकेक करून बघ, थिअरम नंतर वाच. दोनच टिकतात, एक 16 चा चक्रीय आणि एक क्वाटर्नियनचाच मोठा भाऊ. पण बाकीचे 12 का पडतात आणि प्रत्येकात ते दोन शेजारी चक्रं नेमकी कुठे बसलीत, ते तिने हाताने शोधायला हवंय, आणि ती शोधतेय, काल रात्री फोटो आला आठव्या ग्रुपचा, अर्ध्या रेघा काढून झाल्यात.